द्राक्षाचे मोल आणि गावाचे नाव

शेतमालाच्या किमतीत दोन घटक असतात. एक वस्तूचा आणि दुसरा नावाचा. पहिला काट्यावर तोलता येतो. दुसरा कमवावा लागतो, आणि त्यासाठी एक पिढी सहसा पुरत नाही. द्राक्षाच्या अर्थकारणात हा भेद जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

इटलीतील फ्लॉरेन्सच्या अँटिनोरी घराण्याचा पूर्वज 1385 साली तेथील वाइन-व्यावसायिकांच्या श्रेणीत दाखल झाला. आज त्या घराण्याची सव्विसावी पिढी तोच व्यवसाय करीत आहे. तथापि केवळ वयावर कीर्ती टिकत नाही. फ्लॉरेन्सजवळच्या टेकड्यांतील ‘कियांती’ या लाल वाइनच्या प्रदेशाची सीमा तेथील ग्रँड ड्यूकने 1716 मध्ये फर्मान काढून आखून दिली. पुढे बाहेरचा माल त्याच नावाने खपू लागला, तेव्हा 1924 साली 33 उत्पादकांनी एकत्र येऊन संघ स्थापन केला व काळ्या कोंबड्याचे चिन्ह स्वीकारले. कोणत्या गावची द्राक्षे, कोणत्या जाती, किती महिने मुरवण, हे सारे नियमबद्ध आहे. तेथील ‘रिझर्वा’ प्रतीची वाइन किमान 24 महिने मुरल्यावाचून बाजारात येऊ शकत नाही.

परंपरा म्हणजे गतानुगतिकता नव्हे, हेही याच घराण्याने दाखविले. त्या काळच्या नियमानुसार कियांतीत पांढऱ्या द्राक्षांचे मिश्रण सक्तीचे होते. अँटिनोरींनी 1971 च्या हंगामापासून ‘तिन्यानेलो’ नावाची वाइन निराळ्या पद्धतीने केली, आणि कियांतीचे नाव सोडून ती साध्या वाइनच्या वर्गात विकली. आज ती इटलीतील नामांकित व महाग वाइनपैकी एक गणली जाते, आणि कियांतीचे नियमही कालांतराने बदलले.

प्रयोगशीलतेत आपला सांगली जिल्हा मागे आहे असे कोणी म्हणू नये. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’ने तासगावच्या शेतकऱ्यांत निरीक्षणाची आणि नोंदी ठेवण्याची सवय रुजविली. याच तालुक्यात वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे राज्यभर पसरली. अवर्षणप्रवण भागात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी यांचे गणित बसवून बाग उभी करणे हे अव्वल दर्जाचे कौशल्य आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांची फी याच कौशल्यातून भरली जाते.

मग उणीव कोठे आहे? शासनाने 2001 साली द्राक्ष-प्रक्रिया धोरण जाहीर करून नाशिकमध्ये विंचूर आणि सांगलीत पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरविले. नाशिकचे नाव पुढे देशभर झाले. पलूसला ते साधले नाही. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घटली, तेव्हा कर्जावर उभे असलेले अनेक नवखे कारखाने डगमगले. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाद पुष्कळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. दारूने संसार उद्ध्वस्त झालेले पाहणाऱ्यांचा विरोध उपहासाचा विषय नाही. पण वादाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट दिसेनाशी झाली. वाइनसाठी लहान मण्याची, बियांची, निराळी द्राक्षे लागतात. खाण्याच्या द्राक्षाचा बागाईतदार वाइनच्या दुकानामुळे आपोआप तरत नाही.

खरी उणीव धीराच्या भांडवलाची आहे. पीककर्ज वर्षाच्या आत फेडायचे, औषधांची उधारी हंगाम संपताच चुकवायची, आणि मार्चच्या उन्हात माल बागेत थांबू शकत नाही. अशा स्थितीत व्यापारी सांगेल तो दर शेतकरी घेतो. चार किलो द्राक्षांपासून सुमारे एक किलो बेदाणा होतो व तो शीतगृहात टिकतो, हा मोठाच आधार आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही आहे. परंतु तिची मुदत सहा महिन्यांची. चोवीस महिने थांबणाऱ्याशी सहा महिने थांबणाऱ्याची बरोबरी कशी व्हावी?

दुसरी उणीव सामुदायिक शिस्तीची. इटलीत 1986 साली मिथेनॉलच्या भेसळीची वाइन पिऊन वीसहून अधिक माणसे दगावली. दोष काहींचा होता, पण निर्यात साऱ्या देशाची कोसळली. त्यानंतर तेथील कायदे कडक झाले. आपल्याकडे 2010 साली वाढरोधक रसायनाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे नाकारली गेली, तेव्हा निर्दोष माल पिकविणारेही होरपळले. नाव ही सर्वांची मालमत्ता असते. एकाचा निष्काळजीपणा सर्वांच्या खात्यावर पडतो.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांनाही ते लाभले आहे. पण मानांकनाचे प्रमाणपत्र म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. जमीन कसल्याशिवाय त्यातून काही पिकत नाही. सौद्यात आलेल्या पेटीवर गाव आणि हंगाम किती वेळा लिहिलेला असतो? बाहेरचा माल सांगलीच्या नावाने खपला, तर हरकत घेण्यास समर्थ असा उत्पादकांचा संघ असावा, त्याने प्रत तपासावी, नियम मोडणाऱ्याचे चिन्ह काढून घ्यावे, आणि जिल्हा बँकेने अशा प्रमाणित मालावर किमान दोन वर्षांचे तारण कर्ज द्यावे. यासाठी वाइनचा एक थेंबही गाळावा लागणार नाही.

सहकाराच्या या भूमीत साखर कारखाने उभे राहिले, कारण शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जोखीम वाटून घेतली. तीच एकजूट आता नावासाठी हवी. बागेच्या मांडवाखाली जन्मलेली पिढी नोकरीच्या शोधात पुण्या-मुंबईकडे पाहत आहे. तिला वारशात चार एकर आणि कर्ज एवढेच मिळणार, की किमतीत मोजले जाणारे एक नावही मिळणार, याचा निर्णय पुढच्या काही हंगामांतच होईल.