धवलेरीचा आवाज कुठे ठेवायचा?

मौखिक साहित्याच्या अभ्यासकांनी हार्ड डिस्कवर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. तलासरी-डहाणू भागातील वारली लग्नगीतांच्या जुन्या कॅसेट घरच्या संगणकावर उतरवताना आम्हाला मात्र तो संहितेचाच प्रश्न वाटू लागला आहे.

आधी तांत्रिक भाग. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाचे स्टिरिओ मुद्रण तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा व्यापते. फिरत्या चकतीच्या डिस्कमध्ये लिहिणारे-वाचणारे टोक सतत इकडून तिकडे सरकत असते. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम आणि अँटिव्हायरस त्याच टोकाला आपल्या कामाला जुंपतात. मग आवाज लिहायला उशीर होतो आणि गाण्यात मध्येच 'खट्' असा खंड पडतो. म्हणून मुद्रणासाठी वेगळी डिस्क, हा जुना सल्ला. एसएसडीमध्ये हलणारे टोकच नसल्याने ही अडचण आता फारशी उरलेली नाही, हे मान्य करायला हवे.

तरीही वेगळी डिस्क हवीच, असे आमचे मत आहे. कारण निराळे आहे. काही वर्षांपूर्वी आमचा संगणक बंद पडला. दुरुस्ती करणाऱ्याने विंडोज नव्याने टाकताना सगळेच पुसले. आम्हीही सर्व मुद्रणे त्याच डिस्कवर ठेवली होती, हा दोष आमचाच. एका धवलेरीचे रात्रभराचे गाणे त्यात गेले. ती आता हयात नाही. कॅसेट आधीच बुरशीने गेली होती.

"पण लिप्यंतर आहे ना?" असे एका सहकाऱ्याने सांत्वनादाखल विचारले. आहे, बेचाळीस पानांचे आहे. परंतु सवासिनी चौक लिहीत असताना धवलेरी कुठे थांबते, कोणती ओळ बायका तिच्याकडून उचलतात, पालघट देवीच्या उल्लेखाशी सूर कसा बदलतो, यांतले काहीही त्या पानांत नाही. चौकातले चित्र १९७०च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले आणि जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोहोचले. त्याच चौकापाशी गायले जाणारे गाणे मात्र मागे राहिले. आपल्या प्रबंधांत ते परिशिष्टात असते, तेही मूक.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात त्यांतल्या अनेक ओव्या डिजिटल टेपवर मुद्रित केल्या, म्हणूनच आज त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर गाणाऱ्या बाईच्या आवाजात ऐकता येतात. शब्द आणि आवाज दोन्ही जपले, तर काय हाती राहते ते यातून दिसते.

अर्थात वेगळी डिस्क म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. तीही एक दिवस बंद पडणारच. दुसरी प्रत दुसऱ्या घरी हवी आणि तिसरी गाणाऱ्या बाईच्या पाड्यावर. ही तिसरी प्रत आम्ही आजवर कुणालाच दिलेली नाही, हे लिहितानाही संकोच वाटतो.

ग्रंथखरेदीच्या अनुदानात डिस्क बसत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. वर्गणी काढून एक घेतली. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो. अजून अकरा उरल्या आहेत, त्यांतल्या दोघींची फीत चिकटते.