पोट मारून पोट घडत नाही



महाड असो की पोलादपूर, गावोगावची तरुण मुले हल्ली वजने उचलू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ ज्या तालुक्यात आहे, तिथल्या पोराला ताकदीची हौस असायचीच.

पण महिना-दोन महिने झाले, की हा गडी आरशासमोर खट्टू होतो. दंड जरा भरले, पोटावरचे चौकोन मात्र दिसत नाहीत. मग तो रात्रीचे जेवण सोडतो आणि पाठीवर निजून उठण्याचे शंभर-शंभर फेरे घालतो. दिवसा भात कापायचा किंवा कारखान्यात पाळी करायची, आणि रात्री उपाशी निजायचे. आई वाढलेले ताट झाकून ठेवते. अशाने पोट घडत नाही, माणूस खंगतो. ते कसे, हे आज पाहू.

पोटाचा हा स्नायू बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत उभा असतो. त्याला मध्ये मध्ये आडवे पट्टे असतात, म्हणून चौकोन पडतात. तो साऱ्यांनाच असतो, डोक्यावर भारा वाहणाऱ्या बाईलाही. चौकोन चार, सहा की आठ, हे जन्मतःच ठरलेले असते. ते न दिसण्याची कारणे दोन: वर चरबीचा थर असतो, नाहीतर खालचा स्नायूच पातळ असतो. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटाचीच चरबी उतरत नाही. ती साऱ्या अंगाची उतरते, आणि पुरुषांच्या पोटाची बहुधा शेवटी.

तुम्ही म्हणाल, आमचा मुलगा काटकुळा, त्याला कसली चरबी? याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर माता आणि त्यांची बाळे अभ्यासली. ही बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत मांस कमी होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! त्यातले युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम काय, तर रुग्णालयातल्या लिफ्टचे दार लागण्याआधी आत शिरायला धावणे, असे गमतीने लिहिलेही होते.

सांगायचे ते एवढेच, की अंगात चरबी किती आणि मांस किती, हे वजनकाटा सांगत नाही. काटकुळ्या मुलाने जेवण तोडले, तर चरबीबरोबर होते नव्हते ते मांसही जाईल. त्याने आधी मांस कमवावे. ज्याचे पोट खरोखर सुटले आहे, त्याने गोड चहा, फरसाण, वडापाव आणि भाताची एक मूद कमी करावी. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ. उसळ मात्र कोणीच कमी करू नये.

आता ताटाचा हिशेब. वजने उचलणाऱ्याला दर किलो वजनामागे सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला ७५ ते ९० ग्रॅम. दोन अंड्यांतून १२, शंभर ग्रॅम कुळीथ किंवा वालातून २० च्या पुढे, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, दोन पेले दुधातून १६, आणि दिवसभराच्या भात-भाकरीतून २५ ते ३०. झाला की हिशेब पुरा! सुकट-जवळा असेल तर उत्तमच, फक्त मीठ धुऊन घ्यावे. महागडा डबा आणायची गरज नाही. आणि कोणी इंजेक्शन देऊ केले, तर त्या माणसाच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. तसल्या औषधांनी हृदय आणि यकृत बिघडते, पुरुषत्वावर घाला येतो.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. वजन घेऊन बैठका, जमिनीवरून वजन उचलणे, डोक्यावर ढकलणे आणि दांडीला लोंबकळून अंग वर ओढणे, प्रत्येकी आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या. शेवटी लोंबकळूनच पाय वर घ्यावेत. वजन थोडे थोडे वाढवावे, पाठ वाकू देऊ नये. लावणी-कापणीच्या दिवसांत फेऱ्या निम्म्या कराव्यात. शेतातले कष्ट शरीर मोजतच असते. सात-आठ तास झोप हवीच.

पोटाचे खरे काम दिसणे नव्हे, कण्याला आधार देणे. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात दोन्ही प्रकार मिळून २४८ किलो उचलले आणि रौप्यपदक आणले. मधला भाग घट्ट नसेल तर असले वजन पेलतच नाही. शेतात पोते उचलतानाही हाच घट्टपणा कंबर राखतो.

मुलींनीही वजने जरूर उचलावीत. मात्र बाईच्या शरीराला चरबी अधिक लागते. चौकोनांच्या नादाने उपाशी राहिल्यास पाळी बंद पडू शकते.

आरसा रोज पाहू नये. महिन्यातून एकदा बेंबीवरून दोरा धरून कंबर मोजावी आणि किती वजन उचलले ते वहीत लिहावे. वहीतला आकडा वाढतो आहे आणि दोरा वाढत नाही, तर काम बरोबर चालले आहे असे समजावे. वर्ष लागेल, काहींना दोन. तोवर आईने झाकून ठेवलेले ताट गरम असतानाच संपवावे.