चाकोरीपेक्षा अरुंद

मावशीच्या अंगणात कडुनिंबाखाली रेल्वेचा एक जुना लाकडी स्लीपर आहे. दोन दगडांवर आडवा टाकला, झाला बाक. मे महिन्यात त्यातून काळं तेल पाझरतं आणि बसणाऱ्याच्या धोतराला किंवा पँटीला कायमचा डाग पडतो. गावात कोणाच्या पाठीमागे तसा डाग दिसला की समजायचं, स्वारी दुपारी मावशीकडे होती. मागच्या रविवारी तो माझ्या बऱ्या पँटीला लागला. तेव्हापासून छोटी लाईन डोक्यातून जात नाही.

मावशीचं गाव उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अलीकडे. घरांची शेवटची ओळ संपली की उकिरडे, मग मारुतीचं देऊळ, मग लाईन, आणि पलीकडे तिचं मिरचीचं वावर. इतवारी ते नागभीड असा हा १०६ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०८च्या सुमारास तो टाकला. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आमच्या बैलगाडीची चाकोरी याहून रुंद असते! सहाव्या वर्षी मला एक पाय या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर ठेवून उभं राहता यायचं नाही. एका दिवाळीत ते जमलं, आणि मामाने जाहीर केलं की पोरगा मोठा झाला.

इतका अरुंद रूळ का, तर स्वस्त पडतो म्हणून. भराव कमी लागतो, पूल छोटा चालतो, वळण कसंही घेता येतं. एकोणिसावं शतक संपता संपता मध्य प्रांताने दोन मोठे दुष्काळ पाहिले होते. धान्य आत पोचवायचं आणि जंगलातला माल बाहेर काढायचा, तोही कमी खर्चात, तर अडीच फूट पुरे झाले. पुढची शंभर वर्षं त्याची किंमत हमालांच्या पाठीने चुकवली. छोट्या डब्यातलं पोतं मोठ्या लाईनवर जायचं तर इतवारीला उतरवा, उचला, पुन्हा चढवा. नव्वदच्या दशकात नागभीडवरून जाणारा गोंदिया-चांदाफोर्ट मार्ग मोठा झाला, तशी नागभीडच्या टोकालाही तीच तऱ्हा. दोन्हीकडे मोठी लाईन आणि मध्ये आमची ही बारकी. त्यामुळे ती मोठी करू नये असं म्हणणाऱ्यांत मी कधीच नव्हतो. ज्याने भिवापुरी मिरचीचं पोतं एकदा तरी पाठीवर घेतलंय, तो तसं म्हणणारही नाही.

मिरचीवरून आठवलं. हंगामात भिवापूरला पोती चढली की डब्यात शिंकांची साथ सुरू व्हायची. एक शिंकला की दुसरा, मग पोरं, मग तिकीट तपासायला आलेला साहेब. तो डोळे पुसत पुसत पुढच्या डब्यात जायचा. बिनतिकीटवाले मुद्दाम पोत्यांशेजारी बसायचे, असं मामा सांगायचा. मामाच्या सांगण्यातून निम्मं वजा करायचं असतं, पण शिंका मी स्वतः दिल्या आहेत.

गाडी सावकाश चालायची हे सांगायलाच नको. नागभीड गाठेपर्यंत अर्धा दिवस मोडायचा. पण ती जमिनीलगत चालायची, म्हणून गावच्या हद्दीत असूनही कोणाला आडवी येत नव्हती. मावशी टोपली डोक्यावर घेऊन वीस पावलांत लाईन ओलांडायची. म्हशींना तर गाडीची वेळ पाठ होती. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा तो सावध करायला कमी आणि रामराम घालायला जास्त, असं आम्हा पोरांना वाटायचं.

गाडी नोव्हेंबर २०१९मध्ये बंद झाली. छिंदवाड्याची छोटी लाईन त्याआधी, २०१५मध्ये गेली होती. नागपुरात कडबी चौकाजवळ मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ सालचं. भाचीच्या पोराला तिथे नेलं होतं. जुनी इंजिनं नीट रंगवून ठेवली आहेत. मुलांसाठी छोटी गाडीही आहे. पोरगं खूश. मला मात्र एकसारखं वाटत होतं की काहीतरी राहिलंय. घरी आल्यावर लक्षात आलं, तिथे शिंक आली नाही.

आता जरा जळफळाट करतो. कालका-शिमला मार्ग ९६ किलोमीटरचा, १९०३चा. रुळांचं अंतर तेच, ७६२ मिलिमीटर. त्याला २००८मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि आमचे रूळ उखडले गेले. त्याचे बोगदे, कमानींचे पूल, चढण यांचं कौतुक मलाही आहे. पण तो साहेबाला थंड हवेत न्यायचा आणि हा बाजारकऱ्यांना उमरेडला, एवढा फरक तर होताच. आपल्या माथेरानच्या गाडीचंही नशीब डोंगरामुळे उजळलं. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेला निदान नाव तरी होतं. इंग्रज कंपनीच्या मालकीचा किस्सा होता, मँचेस्टरचं १९२१चं वाफेचं इंजिन होतं, ते १९९४पर्यंत धावलं. म्हणून पेपरवाले तिच्या मागे लागले. आमच्या गाडीला कोणी बाईचं नाव दिलं नाही. ती नुसती 'छोटी'.

आता गावाच्या कडेला, छोटीच्या जागी, मोठ्या लाईनचा माणसाहून उंच भराव आहे. वावरात जायला खालून बोगदा केला. श्रावणात त्यात गुडघाभर पाणी साचतं, म्हणून बकऱ्या भरावावरून जातात आणि बकऱ्यांमागून माणसं. गवतात पायवाट पडलीसुद्धा. मावशीचे गुडघे तेवढं चढत नाहीत. ती पावसाळ्यात वावरात जात नाही, गड्यावर सोपवते आणि त्याच्या नावाने दिवसभर बोटं मोडते.

रविवारी निघताना तिने विचारलं, "नवी गाडी आपल्या गावाले थांबन का रे बापू?"

"मागितलं तर हॉल्ट देतील बहुतेक."

"तं मागा न मंग. तुमी पेपरात लिवता, मावशीसाठी एक हॉल्ट नाई मागता येत?"

एवढं बोलून ती स्लीपरवर बसली. बसायच्या आधी तिने खाली रिकामं पोतं अंथरलं. मला ते पोतं तिने आजवर कधी देऊ केलेलं नाही.