किळस येते की केली जाते?

इंग्रजी-मराठी कोशात ‘डिस्गस्ट’पाशी जावे, तर किळस, वीट, घृणा, तिटकारा, तिरस्कार अशी रांग उभी असते. ‘अव्हर्शन’, ‘लोदिंग’, ‘रिपग्नन्स’ यांच्यापुढेही थोड्याफार अदलाबदलीने बहुधा हीच मंडळी. भाषांतराचा पेपर सोडवणारा विद्यार्थी त्यांतला भारदस्त वाटणारा शब्द उचलतो, आणि तो बहुतेकदा ‘घृणा’ असतो. शिक्षकही त्यावर बरोबरची खूण करून पुढे जातात. माझे म्हणणे असे की, येथे खरी निवड नामाची नसून क्रियापदाची आहे, आणि तिच्याकडे आपण लक्षच देत नाही.

मराठीत किळस येते, शिसारी येते, वीट येतो, उबग येतो, ओकारी येते. पाऊस यावा, ताप यावा, तशी ही भावना बाहेरून येऊन माणसाला गाठते. माणूस केवळ तिचा मुक्काम. तिरस्कार आणि द्वेष यांचे तसे नाही. ते वाटतात, पण करताही येतात, आणि जे करता येते त्याचा जाब विचारता येतो. ‘किळस करणे’ कानावर येत नाही असे नाही; पण ‘एवढी कशाला किळस करतोस?’ असे आई ताटावर बसलेल्या मुलाला म्हणते तेव्हा ‘हे तुला आलेले नाही, तू आणतो आहेस’ असाच तिचा आरोप असतो. इंग्रजीत ‘आय लोद हिम’ म्हणणारा स्वतः कर्ता असतो. त्याचे ‘मला त्याची किळस येते’ केले की कर्ता गळतो आणि चतुर्थीतला बिचारा भोक्ता उरतो. व्याकरण निर्दोष, अर्थ सुटलेला.

नामांतही फरक आहेतच. ‘डिस्गस्ट’च्या पोटात चव आहे, ‘अव्हर्शन’मध्ये तोंड फिरवणे आहे. आपल्या विटाला मात्र आधी आवड लागते. अति झाले की वीट येतो, आणि रंग विटतो तसे मनही विटते. शिसारीला असा पूर्वेतिहास लागत नाही, ती एका क्षणात अंगावरून जाते. हॅम्लेटच्या पहिल्या स्वगतात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. जगाचा त्याला वीट आला आहे. आईने इतक्या लवकर काकाशी लग्न केले त्याची शिसारी. दोन्हीकडे ‘घृणा’ घातली तर स्वगताची अर्धी हालचालच थांबते.

या घृणेची तर गंमतच आहे. संस्कृतात तिचा एक अर्थ दया, करुणा असाही होता. आपण अजून ‘निर्घृण हत्या’ लिहितो, तेव्हा हत्या करणाऱ्याला किळस नव्हती असे आपल्याला म्हणायचे नसते, दया नव्हती असे म्हणायचे असते. एकाच शब्दात कळवळा आणि तिटकारा नांदावेत, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. साहित्यशास्त्राने बीभत्स रसाचा स्थायीभाव म्हणून निवडलेली ‘जुगुप्सा’ ही ‘गुप्’ म्हणजे राखणे, जपणे या धातूपासून आलेली. किळसणारा माणूस मुळात स्वतःला जपू पाहतो, हे त्या शब्दात शिल्लक आहे. पण जुगुप्सा वर्गाबाहेर कोणी उच्चारीत नाही.

हा सारा खल शब्दच्छल वाटेल, म्हणून एक कठीण उदाहरण घेतो. भंडाऱ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव १९५४च्या लोकसभा पोटनिवडणुकीच्या संदर्भात हमखास निघते. येथून ते उभे होते आणि पराभूत झाले. मला येथे त्यांची निवडणूक नव्हे, त्यांचा एक शब्दप्रयोग हवा आहे. अस्पृश्यतेविषयी इंग्रजीत लिहिताना एका समूहाला दुसऱ्याविषयी जे वाटते त्याला त्यांनी ‘सोशल नॉशिया’ म्हटले आहे. ‘नॉशिया’ मूळचा ग्रीक, जहाजावर लागणाऱ्या मळमळीचा शब्द. इच्छेविरुद्ध, पोटातून उठणारी गोष्ट. तिच्यामागे ‘सोशल’ लावले की ती एकट्याच्या पोटातून निघून समाजाच्या हाती जाते. या दोन शब्दांची एकमेकांशी होणारी कुरबुर, हाच त्या संज्ञेचा अर्थ आहे.

मराठीत काय करावे? ‘सामाजिक घृणा’ गुळगुळीत आहे, त्यात पोट नाही. ‘सामाजिक मळमळ’ म्हटले तर मत्सराने जळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि वाचक हसतो. ‘समाजाची ओकारी’ सर्वांत घातक, कारण त्यातून समाजाने ओकून टाकलेली माणसे असा उलटाच अर्थ निघू शकतो. मी ‘सामाजिक किळस’ घेईन. किळस घरगुती, ताटाशी बसणारी. तिला ‘सामाजिक’ हे विशेषण टोचते, आणि ते टोचायलाच हवे. मात्र पुढच्या वाक्यात ‘येते’ लिहिले की सगळे पाण्यात. तेथे ‘बाळगली जाते’, ‘शिकवली जाते’ असे क्रियापद हवे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे ‘विटाळ’ हा तयार शब्द असताना एवढी यातायात कशाला? पण विटाळ ही भावनाच नव्हे. तो होतो, लागतो, धरला जातो आणि फिटतो. ज्याला काडीची किळस वाटत नाही तोही विटाळ पाळू शकतो, आणि पाळत आलेला आहे. ‘नॉशिया’साठी विटाळ वापरला, तर आंबेडकरांनी ज्या मनोवृत्तीकडे बोट दाखवले तिच्या जागी नुसता आचार उरेल.

आता एक अडचण, जी आमच्या भागातल्या शिक्षकाला टाळता येत नाही. झाडीबोलीत ण, श, ळ हे उच्चार नाहीत. तेथे पाण्याचे पानी होते आणि डोळ्याचा डोरा. म्हणजे घृणा, शिसारी आणि किळस, तिन्ही शब्द या बोलीच्या मुलाला परक्या उच्चारांनिशी भेटतात. जिभेवर न बसणारा शब्द तो पेपरात लिहितो आणि गुण मिळवतो, बोलताना ‘सी!’ किंवा ‘थू!’वर काम भागवतो. शेजारी बालाघाट, तेव्हा हिंदीतली ‘घिन’ही हाताशी असते. ती घृणेचीच झिजून लहान झालेली लेक, आणि तिच्यात अडणारा एकही उच्चार नाही. प्रमाण मराठीच्या उत्तरपत्रिकेत ‘घिन’ चूक ठरते. उद्या आंबेडकरांचे ते पान कोणी झाडीबोलीत आणू लागले, तर ‘किळस’पेक्षा ती अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते; पोट तिच्यात शाबूत आहे.