लावा ओळखावा तो पायावरून

कडा परिसरात बांधावरच्या गवतातून भुर्रकन उडणाऱ्या प्रत्येक लहान पक्ष्यास ‘लावा’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो सुधारणे इष्ट होय. खऱ्या लाव्याच्या पायास मागेही एक बोट असते. तो कोंबडी व तितर यांच्या कुळातील. ज्यास पुढची तीनच बोटे, तो रूपाने लाव्यासारखा असला तरी टिटवीच्या गणात मोडतो. त्याची रीतही उलटी! मादी मोठी व अधिक रंगीत. अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे जाते आणि उबवणी व पिलांचा सांभाळ नराकडे येतो. घरट्यावरील तो फिकट पक्षी धरला, की पिलांचा एकमेव पालक गेला. दोघांच्याही शिकारीस वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मनाई आहेच. पाळीव जपानी लावा निराळा. गवत कापताना घरटे आढळल्यास तेवढे गवत पिले बाहेर पडेपर्यंत उभे ठेवावे.