जुन्या मराठी फायली आताच युनिकोडमध्ये आणा!

मंडळी, नवा संगणक घेतला की सगळे विचारतात, फोटो आले का? जुन्या मराठी फायलींचं कोणी विचारत नाही. मग एक दिवस आजोबांच्या आठवणींची फाइल उघडावी, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी!

फाइल बिघडलेली नसते. युनिकोडआधीच्या मराठी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. ६५ हा क्रमांक खरा 'ए'चा; तिथे फाँट आपला एखादा आकार दाखवायचा. फाँट गेला की मुखवटा गळतो. युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. 'क'चा २३२५, तो कुठल्याही यंत्रावर 'क'च.

म्हणून माझं स्पष्ट मत, जुना संगणक भंगारात देण्याआधी फायली युनिकोडमध्ये आणा. त्यासाठीचे परिवर्तक फुकट मिळतात. पण फाँट कुठला ते आधी पाहा, प्रत्येकाची मांडणी वेगळी. नंतर मजकूर तपासाच. पहिली वेलांटी आणि रफार हमखास घसरतात, कारण जुन्या फायलींत ते दिसतात त्या क्रमाने असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या. मूळ फाइल आणि फाँटही जपून ठेवा.

"छापून ठेवलंय की!" असं काही जण म्हणतात. ठेवा जरूर. पण परदेशातल्या नातीला पणजीबाईंचं माहेर शोधायचं झालं, तर दोनशे पानं चाळावी लागतील. आणि गावांची, माणसांची नावं ओळखून चुका दुरुस्त करणारी मंडळी आहेत तोवरच हे काम होईल... येत्या रविवारी बसाच!