वाचून दाखवा, लावून देऊ नका



आज थोडे कडू बोलणार आहोत, म्हणून सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डोळ्यावर पट्टी होती. संध्याकाळी जपमाळ झाल्यावर तिने थोरल्या नातीला हाक मारली, "एक स्तोत्र वाच की ग." मुलगी अकरा वर्षांची, इंग्रजी झरझर वाचणारी. तिने मराठी बायबल उघडले, दोन ओळींतच अडखळली आणि म्हणाली, "थांब आजी, मोबाईलवर लावून देते." मोबाईलमधला माणूस शुद्ध, सुरेल वाचू लागला. आजी जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "बंद कर बाळ. त्या माणसाला मी कुठं ओळखते?"

आमची मुले शाळेत जात नाहीत. आम्ही त्यांना घरीच शिकवतो. शाळेत गणित, विज्ञान मिळेल, पण विश्वास कोण देणार, असे आम्ही चारचौघांत मोठ्या तोऱ्याने सांगत होतो. रोज रात्री मुलांना मोठ्याने वाचूनही दाखवत होतो. पण सगळी पुस्तके परदेशातली इंग्रजी. त्यांतली शेते, बर्फ, आजीआजोबा सगळे तिकडचे. मराठीचे काय? "चर्चमध्ये कानावर पडतेच की," असे म्हणून आम्ही मोकळे. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजीशी देवाबद्दल बोलायला आमच्या मुलांकडे भाषा उरली नव्हती, आणि ते आमच्या लक्षातही आले नाही. दर रविवारी दुसऱ्यांच्या मुलांना धर्मशिक्षण देणारे आम्ही!

हे एका घराचे दुखणे असते तर गप्प बसलो असतो. पण बेळगाव असो, गोवा असो की वडोदरा, आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत तेच चालले आहे. मिस्सेत वाचन करायला तरुण मिळत नाहीत. मिळाला तर मराठी उतारा इंग्रजी अक्षरांत लिहून मागतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली 'देवशब्दाचा रविवार' ठरवून दिला. त्या दिवशी आपण बायबलला हार घालतो, मिरवणूक काढतो आणि घरी येऊन ते परत शोकेसमध्ये ठेवतो. हा मान झाला का? पत्र आले, त्याची पूजा केली, पण उघडून वाचले नाही, तर पाठवणाऱ्याला काय वाटेल?

पवित्र शास्त्र मुळात कानासाठी आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पाणीवेशीपुढच्या चौकात उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि समजू शकणारे सगळे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्प रथाजवळ धावत जातो, तेव्हा आत बसलेला परदेशी अधिकारी यशया वाचत असलेला त्याला ऐकू येतो. तो मनातल्या मनात वाचत असता तर फिलिप्पाने काय विचारले असते? मोठ्याने वाचणाऱ्याला समजले की नाही, हे शेजाऱ्याला कळते. तिथूनच प्रश्न सुरू होतो, आणि त्या दिवशी प्रश्नातून बाप्तिस्मा झाला.

आपल्या भागाचा इतिहासही हेच सांगतो. मूळ इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, त्या जागी ऐकायला काही नव्हते. म्हणून या परदेशी माणसाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते राचोलला छापले गेले. सासष्टीच्या चर्चमध्ये लोक जमून ते ऐकत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. तरीही लोकांनी हाताने नकला करून पुराण जपले. १९०७ साली ते मंगळूरला पुन्हा छापले, तेही अशा हस्तलिखितांवरून. तेव्हा हुकूम काढायला व्हाइसरॉय लागला. आज आपणच आपल्या जेवणाच्या टेबलावर तो हुकूम काढतो, आणि पाळतोही.

आता सबबी पाहू. त्या सगळ्या आम्ही स्वतः सांगून झालेल्या आहेत.

"बायबलची मराठी अवघड आहे." असेल. एज्रा वाचत होता तेव्हाही लेवी लोकांना अर्थ फोडून सांगत होते. अवघड शब्दाला थांबा, आजीला विचारा. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. आणि आपण पान उलटायचा कंटाळा करतो?

"आम्हालाच नीट वाचता येत नाही." लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर वाचायला शिकल्या. त्याच लक्ष्मीबाईंनी १९१९ साली टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पूर्ण केले. अडखळणाऱ्या आईबापाचे वाचन मुलांना लाजिरवाणे वाटत नाही. आईबाप आपल्यासाठी धडपडतात, एवढे त्यांना कळते.

"धर्मशिक्षणाचा वर्ग आहे ना!" आहे, आणि तो आम्हीच घेतो, म्हणून सांगतो. वर्षातून चाळीस रविवार, एकेक तास, म्हणजे चाळीस तास. घरी रोज पंधरा मिनिटे वाचले तर वर्षाला नव्वद तासांच्या वर होतात. व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावरील जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक म्हटले. ते काम आमच्या वर्गाकडे सोपवता येत नाही. मुले शाळेत जाणारी असोत की घरी शिकणारी, त्यातून सुटका नाही. घरी शिकवणाऱ्यांना तर सबबच नाही. दिवसभर वेळ हाताशी असतो.

"मोबाईलवर चांगले वाचतात." दृष्टी गेलेल्याला, एकट्या राहणाऱ्याला तो मोठा आधार आहे. पण घरात चार तोंडे असताना यंत्राला वाचायला लावणे म्हणजे आई धडधाकट असताना बाळाला हॉटेलचे जेवण घालणे. मोबाईलला मुलाचा प्रश्न ऐकू येत नाही. वाचताना बापाचा आवाज कुठे दाटला, ते मोबाईलमधून कसे कळणार?

आम्ही आता काय करतो? जेवण झाले की मार्कच्या शुभवर्तमानातला थोडा भाग. अध्याय सोळाच आहेत, धाकट्यालाही शेवट दिसतो. प्रत्येकाने चार-पाच वचने वाचायची. चुकले तर मधे टोकायचे नाही. ज्याला वाचता येत नाही त्याने ऐकायचे आणि एक प्रश्न विचारायचा. उत्तर आले नाही तर तसे कबूल करायचे आणि फादरना विचारायचे. इंग्रजी पुस्तके आम्ही टाकलेली नाहीत. ती दुपारी वाचतो. कधी कंटाळा येतो, कधी भांडण होते, कधी दिवस चुकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो.

आजीची पट्टी केव्हाच निघाली. तिला आता स्वतः वाचता येते. तरी रात्री ती चष्मा काढून ठेवते आणि नातीला म्हणते, "वाच की ग."

आज रात्री तुमच्या घरी कोण वाचणार आहे?